पिलारची टेकडी आणि आग्नेल हे नाव : पिलार संस्थेची सव्वाशे वर्षे

२६ सप्टेंबर २०१२ रोजी पिलारच्या संत फ्रान्सिस झेवियर मिशनरी संस्थेला १२५ वर्षे पूर्ण झाली. या शतकोत्तर रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेची वाटचाल मराठी वाचकांपुढे ठेवताना एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. भिवंडी-कल्याण पट्ट्यातले पालक ‘आग्नेल’ हे नाव घेतात ते बहुधा दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर. वाशीचे आग्नेल, वांद्र्याचे आग्नेल, तिथे प्रवेश किती टक्क्यांना थांबला, फी किती, वसतिगृह आहे का, अशी ती चौकशी असते. ज्यांच्या नावाने ही शाळा-महाविद्यालये ओळखली जातात ते फादर आग्नेल डिसोझा कोण होते, हे त्या गडबडीत विचारायचे राहून जाते. त्यांनी एकही शाळा काढली नाही, त्यांच्या नावावर गाजलेला ग्रंथ नाही. तरीही त्यांच्या मागून आलेल्यांना आश्रम, शाळा आणि तंत्रशाळांना त्यांचेच नाव द्यावेसे वाटले. संस्थेच्या सव्वाशे वर्षांचा सगळा अर्थ मला या एका निवडीत दिसतो, म्हणून हा इतिहासही त्याच अंगाने लिहीत आहे.

१८८७ ते १९०० : आगोंदचा आरंभ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातल्या चर्चची स्थिती बाहेरून भव्य आणि आतून पोकळ अशी झाली होती. पोर्तुगीज सरकारने १७५९ मध्ये येशूसंघीयांना हाकलले आणि १८३४-३५ मध्ये उरलेले सर्व धर्मसंघ बरखास्त केले. मोठमोठे मठ ओस पडले. धर्मकार्याचा भार गोव्याच्याच मातीतल्या धर्मप्रांतीय पाद्रींवर आला. त्यांनी तो निष्ठेने उचललाही. पण दूरच्या, दुर्गम भागात जाऊन राहणारे, मिशन हेच व्रत मानणारे संघटित मनुष्यबळ उरले नव्हते. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, गोव्याच्या आर्चबिशपांना ‘ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क’ ही पदवी मिळाली आणि आंतोनियु सेबास्तियांव व्हालेंत्ये हे पहिले पॅट्रिआर्क झाले. पदवी मोठी होती, कामाला माणसे मात्र थोडी होती.

अशा वेळी फादर बेंतो मार्टिन्स यांनी काणकोण तालुक्यातल्या आगोंद या समुद्रकाठच्या गावी २६ सप्टेंबर १८८७ रोजी ही संस्था स्थापन केली. काणकोण हा नव्या काबिजादींतला, म्हणजे पोर्तुगीजांनी उशिरा जिंकलेल्या मुलखातला भाग. रस्ते नव्हते, ख्रिस्ती वस्ती विरळ होती. सासष्टी-बार्देसच्या श्रीमंत चर्चमधली मानाची जागा सोडून कोणी तिथे स्वखुशीने जात नसे. संस्थेने पहिले पाऊल टाकले ते नेमके तिथे. गोव्याच्या पाद्रींनी गोव्याच्याच पाद्रींसाठी उभारलेली ही मिशनरी संस्था होती. तिच्यामागे युरोपातल्या कोणत्याही संघाची तिजोरी नव्हती.

१८९० च्या सुमारास संस्थेला पिलारचा मठ मिळाला. १६१३ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंनी उभारलेला हा मठ गोवा वेल्हा गावावरच्या टेकडीवर आहे. खाली जुवारीचे पात्र आहे, आणि कदंबांच्या काळातले गोवापुरी हे बंदर याच परिसरात गजबजलेले असे. पहिल्या सदस्यांनी ओस पडलेल्या भिंतींमध्ये पुन्हा प्रार्थनेची वेळ बांधली, छपरे शाकारली, विहिरीचे पाणी काढले. त्यांतल्या अनेकांची नावे आज फक्त जुन्या वह्यांत सापडतात. त्यांना पहिले वंदन.

१८९७ ते १९१७ : हणजूणचा मुलगा

२१ जानेवारी १८६९ रोजी बार्देसमधल्या हणजूण गावी डिसोझा कुटुंबात आग्नेल यांचा जन्म झाला. नऊ भावंडांमधले ते एक. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. १७ जुलै १८९७ रोजी ते पिलारला दाखल झाले आणि २४ सप्टेंबर १८९८ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

इथे त्या काळच्या गोव्यातली एक रीत लक्षात घ्यायला हवी. घरात एक तरी पाद्री असणे हा घराण्याचा मान होता. लॅटिन, पोर्तुगीज, तत्त्वज्ञान आणि संगीत शिकलेला मुलगा पांढरा झगा घालून गावात आला की आईवडिलांची मान उंच होई. सेमिनरीचे, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाचे शिक्षण हे परमेश्वराच्या सेवेचे दार होते आणि समाजात वर चढण्याची शिडीही होती. शिक्षणाने माणूस मोठा होतो, पण त्या मोठेपणाचे तो पुढे काय करतो, हा प्रश्न आपल्याला इंजिनीअरिंगच्या पदवीबद्दल आज पडतो तसाच तेव्हाच्या गोव्यालाही पडलेला होता.

आग्नेल यांनी त्याचे उत्तर पिलार निवडून दिले. तिथे मान नव्हता, उत्पन्न नव्हते, संस्था टिकेल याचीही खात्री नव्हती. दीक्षेनंतरची कित्येक वर्षे त्यांनी मठातच प्रार्थना, अभ्यास आणि साध्या दिनक्रमात घालवली. आजच्या मापाने पाहिले तर ही वर्षे कोरीच वाटतील. पुढे ते कारवार भागातल्या कुंभारवाड्याला गोव्याहून जंगलात कामाला गेलेल्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांमध्ये राहिले आणि नंतर सावर्ड्याला गेले. पायी चालणे, आजाऱ्यांना भेटणे, मुलांना ख्रिस्ती शिकवण देणे, कबुली ऐकणे, असे ते काम होते.

१९१८ ते १९२७ : रायतूरची नऊ वर्षे

१९१८ मध्ये फादर आग्नेल यांची गोव्यातल्याच रायतूरच्या सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक म्हणून नेमणूक झाली. मराठी वाचकाला या वास्तूचे नाते वेगळे सांगायला नको. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये याच रायतूरच्या छापखान्यातून बाहेर पडले. परक्या देशातला एक विद्वान इथल्या माणसांची भाषा शिकतो, त्यांच्या पुराणाचा घाट उचलतो आणि आपली विद्या त्यांच्या ओवीच्या स्वाधीन करतो. विद्येने नम्र व्हावे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही. तीनशे वर्षांनंतर त्याच रायतूरमध्ये फादर आग्नेल राहायला आले.

सेमिनरीतले प्राध्यापक तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र आणि कायदा शिकवीत. परीक्षा त्यांच्या हाती, गुणपत्रके त्यांच्या हाती. आध्यात्मिक मार्गदर्शकाच्या हाती यातले काहीच नसते. तो कोणाला नापास करू शकत नाही आणि कोणाचा पहिला नंबरही काढू शकत नाही. मुले त्याच्याकडे येतात ती कबुलीसाठी, शंका घेऊन, रात्री झोप लागत नाही म्हणून, घरची आठवण येते म्हणून. तो ऐकतो, आणि कबुलीच्या जागी जे ऐकले त्याची वाच्यता त्याला आयुष्यभर कुठेही करता येत नाही. या कामाचा अहवाल नसतो आणि वार्षिक समारंभात त्याचा उल्लेखही होत नाही. संस्थेचा इतिहास लिहिताना अडचण होते ती इथेच. इमारती मोजता येतात, पण एका माणसाने नऊ वर्षे बंद दाराआड बसून किती तरुणांना सरळ उभे केले, हे मोजायचे कशाने?

तरीही त्याची खूण राहिली. त्या नऊ वर्षांत रायतूरहून बाहेर पडलेले तरुण पाद्री गोवा, मुंबई आणि दूरच्या मिशनांत गेले आणि जाताना फादर आग्नेल यांचे नाव बरोबर घेऊन गेले. त्यांच्या आठवणींत बुद्धीची चमक क्वचित येते. साधे जेवण, येशूच्या पवित्र हृदयावरची भक्ती, प्रार्थनेत घालवलेले तास, दुसऱ्याचे शांतपणे ऐकून घेण्याची सवय, या गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. आपण मार्गदर्शन करतो म्हणजे समोरच्यापेक्षा वरचे आहोत, असे त्यांनी कधी भासू दिले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. तिथे एक बारकावा आहे. शिष्य आपल्याला गुरू म्हणतात ते योग्यच आहे, असे येशू म्हणतो, आणि त्या गुरुपणाचा दाखला म्हणून हातात रुमाल व पाण्याचे भांडे घेतो. गुरुपद नाकारण्यात नम्रता आहे असे तो शिकवत नाही. ते पद घेऊन खाली वाकायला शिकवतो. फादर आग्नेल यांनी रायतूरला केले ते हेच, असे माझे मत आहे.

नोव्हेंबर १९२७ मध्ये रायतूरच्या चर्चमध्ये प्रवचन करता करताच ते कोसळले आणि २० नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. वय अठ्ठावन्न. त्यांना रायतूरलाच पुरले, आणि थोड्याच दिवसांत त्या जागी माणसे येऊ लागली. कोणी सांगितले नव्हते, कोणी जाहिरात केली नव्हती. आजारी मुलाची आई, नोकरीसाठी मुंबईला निघालेला खलाशी, परीक्षेला बसणारा विद्यार्थी, सगळे येत.

१९३० चे दशक : विझत आलेली वात आणि नवी ज्योत

इकडे पिलारची स्थिती बिकट होत चालली होती. जुने सदस्य वयोवृद्ध झाले आणि एकेक करून गेले. नवे दाखल होईनात. १९३० चे दशक संपत आले तेव्हा मूळ संस्थेचे जवळजवळ कोणीच उरले नव्हते. संस्था मिटवून टाकावी की पुन्हा उभी करावी, याबद्दल त्या काळी निरनिराळी मते होती आणि ती सगळी संस्थेविषयीच्या आस्थेतूनच आलेली होती. आज त्या चर्चेच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. सर्वांच्या सहकार्याने निर्णय पुढे जाण्याचा झाला, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

याच दशकात, १९३३ मध्ये, फादर आर्सेन्सियो फर्नांडिस आणि फादर ग्रासियानो मोरायस यांनी ‘वावराड्यांचो इश्ट’ म्हणजे कष्टकऱ्यांचा मित्र, हे रोमन लिपीतले कोंकणी साप्ताहिक सुरू केले. पुढे ते पिलारच्या देखरेखीखाली आले आणि आजही निघते. त्या काळी पोर्तुगीज येणारा मूठभर वर्ग सोडला तर बाकीच्या गोंयकारांना त्यांच्या भाषेत छापलेले फारसे काही मिळत नव्हते. मुंबईत धोबीतलावच्या कूडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या क्लबांत राहणारे खलाशी, आचारी, बँडवाले, आणि गोव्यात शेतावर राबणारे मजूर हा या पत्राचा वाचक. शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळा येते. पण प्रौढ कष्टकऱ्याच्या हाती त्याच्या बोलीतले चार पानी पत्र देणे, त्यात त्याच्या मजुरीबद्दल, कुटुंबाबद्दल आणि श्रद्धेबद्दल लिहिणे, हेही शिक्षणच आहे. पिलार परंपरेतले पहिले मोठे शैक्षणिक काम मी या साप्ताहिकालाच म्हणेन. त्याला इमारत लागली नाही, म्हणून त्याची गणना कमी होते, इतकेच.

१० जानेवारी १९३९ रोजी फादर आग्नेल यांचे अवशेष रायतूरहून पिलारला आणण्यात आले. त्याच वर्षी २ जुलैला काही तरुण धर्मगुरूंनी संस्थेची पुनर्रचना केली. फादर कोन्सेसांव रॉड्रिग्ज आणि त्यांचे सहकारी या पिढीचे. अवशेषांचे येणे आणि संस्थेचे पुन्हा जन्मणे एकाच वर्षी घडावे, याला श्रद्धावंत योगायोग मानत नाहीत. मीही मानत नाही.

१९४० चे दशक : पुन्हा दुर्गम वाटा

नव्याने उभ्या राहिलेल्या संस्थेने जुनाच रस्ता धरला. पिलारला सेमिनरी सुरू झाली, नवी मुले आली. गोव्याच्या आत आणि बाहेर मिशनकेंद्रे निघाली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या नगर-हवेलीतल्या आदिवासी पाड्यांतही पिलारचे फादर पोहोचले. त्या भागात वारली, कोकणा, धोडिया वस्ती आहे. तिथे त्यांनी वर्ग भरवले, औषधे दिली, पावसाळ्यात ओढे ओलांडून पाड्यापाड्यांवर गेले. त्या वेळच्या कामाची कागदोपत्री नोंद थोडी आहे आणि तीत आत्मस्तुती जवळजवळ नाहीच.

१९५० चे दशक : वांद्र्याचे टोक

१९५५ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी १ मे हा ‘श्रमिक संत जोसेफ’ यांचा सण म्हणून जाहीर केला. नाझरेथचा तो सुतार, ज्याच्या हाताखाली येशू रंधा मारायला शिकला, त्याच्या श्रमाला चर्चने वेदीवर स्थान दिले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, फादर कोन्सेसांव रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत वांद्र्याच्या टोकाला, जुन्या पोर्तुगीज किल्ल्याजवळ, आग्नेल आश्रम सुरू केला.

सुरुवात अनाथालयाने झाली. मुंबईत रस्त्यावर राहणाऱ्या, आईवडील नसलेल्या, असूनही नसल्यासारख्या मुलांना छप्पर, जेवण आणि शिस्त द्यायची हे पहिले काम. पण पोटभर जेवण देऊन अठराव्या वर्षी मुलाला पुन्हा रस्त्यावरच सोडायचे असेल, तर त्या जेवणाचा उपयोग काय? म्हणून त्याच्या हाती हत्यारे दिली. लाकूड, लोखंड, यंत्र, मोटार यांच्याशी त्याची ओळख करून दिली. सामान्य शिक्षण आणि तांत्रिक शिक्षण एकाच आवारात सुरू झाले. देशात १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची सरकारी योजना रुजू लागली होती. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन हे शब्द कामगार वस्त्यांत आशेने उच्चारले जात होते. तरीही पांढरपेशा समाजात हाताच्या कामाला दुय्यम समजण्याची सवय होती, आणि ख्रिस्ती समाजही तिला अपवाद नव्हता. मुलगा कारकून व्हावा, साहेबाच्या कचेरीत जावा, ही धारणा होती.

भिवंडीच्या वाचकाला हे पटवून द्यावे लागणार नाही. यंत्रमागांच्या या गावात बारा-बारा तास मागावर उभे राहणारा माणूस आणि बिघडलेला माग चालू करून देणारा मिस्त्री यांचे मोल आपण रोज पाहतो. लेथवर उभ्या असलेल्या मुलाचे हात तेलाने काळे होतात. पण एक मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर जॉब वाया जातो, हे तो शिकतो, आणि यंत्रासमोर फुशारकी चालत नाही, हेही त्याला कळते. सूक्ष्ममापीवरचा आकडा मान्य करावाच लागतो. प्रार्थनेतून येणारी नम्रता आणि कामातून येणारी नम्रता यांची गाठ आश्रमाच्या वर्कशॉपमध्ये पडली. फादर आग्नेल यांचे नाव तिथे शोभले, याचे कारण मला यातच दिसते.

१९६० आणि १९७० ची दशके : सभा, मुक्ती आणि विस्तार

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज शाळांची जागा मराठी, कोंकणी आणि इंग्रजी शिक्षणाने घेतली. मुख्यमंत्री बांदोडकर यांच्या सरकारच्या काळात खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा पोहोचल्या. पिलारच्या मिशनांना आता देशभर मोकळेपणाने फिरता येऊ लागले. संस्थेचे सदस्य अंदमान बेटांवर गेले. छोटानागपूरहून मजुरीसाठी नेलेल्या आदिवासी कुटुंबांमध्ये त्यांनी काम केले.

रोममध्ये १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर स्वतंत्र घोषणापत्र काढले. गरीब मुले, कुटुंबाच्या मायेला पारखी झालेली मुले आणि ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर असलेली मुले, यांच्याकडे कॅथलिक शाळांनी विशेष लक्ष द्यावे, असा त्याचा आग्रह होता. वांद्र्याच्या आश्रमात हे आठ वर्षांपूर्वीच सुरू झालेले होते. तिथे आलेल्या मुलांमध्ये हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच होते. धर्मसभेच्या घोषणेने कामाला दिशा मिळाली असे म्हणण्यापेक्षा बळ मिळाले, असे म्हणणे योग्य होईल.

सिडकोने १९७० पासून नवी मुंबई वसवायला घेतली. पुढे वाशीतही संस्थेचे शैक्षणिक संकुल उभे राहिले. खाडीपलीकडच्या त्या ओसाड जमिनीवर वस्तीच नीट आली नव्हती, तेव्हा शाळा काढायला धाडस लागले.

१९८० चे दशक : पदवीचे दार

१९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि महाराष्ट्राच्या शिक्षणाचा नकाशाच बदलला. १९८४ मध्ये वांद्र्यात फादर कोन्सेसांव रॉड्रिग्ज यांच्या नावाने अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले.

अनाथ मुलांच्या वर्कशॉपपासून पदवी महाविद्यालयापर्यंतचा हा प्रवास सर्वांनाच सारखाच सोपा वाटला असे नाही. विनाअनुदान महाविद्यालय म्हणजे फी आली, आणि फी आली की गरिबाचे काय, हा प्रश्न आलाच. संस्थेत यावर विचार झाला आणि निरनिराळ्या बाजू मोकळेपणाने मांडल्या गेल्या. अखेर आश्रम, शाळा, तंत्रशाळा आणि महाविद्यालय यांची नाळ तुटू द्यायची नाही, या भूमिकेवर एकमत झाले. प्रश्न तिथे कायमचा सुटला असे मी म्हणणार नाही. तो प्रत्येक प्रवेशाच्या हंगामात नव्याने सोडवावा लागतो, आणि तो सोडवत राहणे हीच अशा संस्थेची खरी परीक्षा आहे. ज्या संस्थेला हा प्रश्न पडेनासा होईल तिने दारावरचे नाव बदलावे.

याच दशकात आणखी दोन घटना घडल्या. १९८४ मध्ये पोर्ट ब्लेअर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पिलार संस्थेचे अलेक्स डायस त्याचे पहिले बिशप झाले. अंदमानच्या मिशनाने बेटांवर जे पेरले होते त्याची ही पावती होती. आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी फादर आग्नेल यांच्या सद्गुणांना मान्यता देऊन त्यांना ‘पूजनीय’ घोषित केले. त्यासाठी रोममध्ये त्यांच्या आयुष्याची बारकाईने छाननी झाली. श्रद्धा, आशा, प्रीती, विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे गुण त्यांनी असामान्य प्रमाणात आचरले का, हे तपासले गेले. इतकी कसून झालेली ही परीक्षा एका अशा माणसाची होती ज्याने आयुष्यात कोणतेही मोठे पद घेतले नव्हते.

१९९० चे दशक : वाशी आणि वेर्णा

१९९४ मध्ये वाशीला फादर सी. रॉड्रिग्ज तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली. १९९७ मध्ये गोव्यात वेर्णा इथे पाद्री कोन्सेसांव अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. तिथे पॉलिटेक्निकही आहे. दिल्ली, नोएडा आणि पुणे इथल्या शाळांनी आपापल्या शहरांत चांगले नाव मिळवले. संगणकाचे वारे सुटले होते, प्रत्येक पालकाला मुलगा सॉफ्टवेअरमध्ये हवा होता. या काळातल्या वाढीचा वेग मोठा होता आणि तिचे श्रेय एका-दोघांना देता येणार नाही. प्राचार्य, शिक्षक, प्रयोगशाळा सहायक, वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर, वसतिगृहाचे रेक्टर, स्वयंपाकघरातल्या बायका, रात्रीचे पहारेकरी या सगळ्यांनी हा भार वाहिला. वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरांचा वेगळा उल्लेख करावासा वाटतो. मुलाला पहिल्यांदा कानस हातात धरायला शिकवणारा माणूस पदवीदान समारंभात मागच्या रांगेत बसतो, पण कित्येक माजी विद्यार्थ्यांना कारखान्यात पहिल्या दिवशी आठवतो तो तोच.

२००० नंतर : आजचे पिलार

आज पिलारच्या टेकडीवर सेमिनरी आहे, शाळा आणि महाविद्यालय आहे, कदंबकाळापासूनचे अवशेष जपणारे संग्रहालय आहे. दर गुरुवारी भाविक येतात. २० नोव्हेंबरला, फादर आग्नेल यांच्या पुण्यतिथीला, टेकडीवर माणसांची दाटी होते. वांद्रे, वाशी, वेर्णा इथली संकुले आपापल्या विद्यापीठांशी जोडलेली आहेत. आश्रमाचे मूळ काम, आधार नसलेल्या मुलांना घर आणि शिक्षण देण्याचे, अजून चालू आहे. ‘वावराड्यांचो इश्ट’ दर आठवड्याला छापला जातो.

११ ऑक्टोबर २०१२ पासून तेव्हाचे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जाहीर केलेले विश्वासाचे वर्ष सुरू झाले. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेच्या आरंभालाही त्याच दिवशी ५० वर्षे पूर्ण झाली. संस्थेचा महोत्सव आणि हे वर्ष एकत्र आल्यामुळे तपसाधना, प्रवचने आणि युवकांचे मेळावे यांना वेगळे महत्त्व आले होते. तरुण मंडळी इंजिनीअर होतात, परदेशी जातात, मोठे पगार घेतात, याचा आनंदच आहे. रायतूरला एका माणसाने बंद दाराआड जे केले ते करणारी माणसेही प्रत्येक संकुलाला हवी आहेत. मुलाचे ऐकून घेणारे, त्याला गुण न देणारे आणि त्याचे गुपित जपणारे समुपदेशक, चॅप्लन, शिक्षक. त्यांची नेमणूक नव्या इमारतीच्या पायाभरणीइतक्याच गांभीर्याने व्हावी, अशी या निमित्ताने विनंती आहे.

फादर आग्नेल यांना ‘धन्यवादित’ पद मिळण्यासाठी त्यांच्या मध्यस्थीने घडलेल्या एका चमत्काराची रोमकडून पडताळणी होऊन मान्यता मिळावी लागते. त्यासाठी पिलारला येणाऱ्या भाविकांकडून कृपाप्राप्तीच्या नोंदी घेतल्या जातात. वैद्यकीय कागद असतील तर तेही जपून ठेवले जातात. भिवंडी, कल्याण, वसई परिसरातल्या कोणाला असा अनुभव आला असेल, तर त्यांनी तो लिहून, तारखेसह आणि डॉक्टरांच्या कागदपत्रांसह पिलारच्या मठात पोहोचवावा.